धुराड्याचे अस्तर आणि त्याचा अज्ञात कारागीर

सहा ऑक्टोबर रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, पंधरा दिवस आधी पाठवलेल्या सूचनेत नमूद केल्याप्रमाणे, आल्टेनरोडे गावच्या तिसऱ्या विभागाचे अधिकृत धुराडेवाले टॉर्स्टन क्वास्ट घंटागल्लीतल्या सतरा क्रमांकाच्या घरी धुराड्याच्या अस्तराची सफाई व तपासणी करण्यासाठी हजर झाले. या देशात माणूस डॉक्टरकडे जायचे टाळू शकतो, चर्चमध्ये जायचे तर बहुतेकांनी टाळलेच आहे, पण धुराडेवाल्याला दार उघडावेच लागते.

दार उघडायच्या आतच समोरच्या गेर्लिंडेकाकू सपाता घालून धावत रस्ता ओलांडून आल्या आणि त्यांनी क्वास्टच्या काळ्या कोटाची पितळी गुंडी घट्ट धरली. धुराडेवाल्याच्या गुंडीला हात लावला की दिवस चांगला जातो.

"काकू, परवाच लावलात की हात!"

"परवाचं नशीब परवा संपलं. आज लॉटरीची सोडत आहे. हलू नकोस."

घराच्या मालकीणबाई रोस्वीटा त्सीगेनहोर्न दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. त्यांनी गावच्या शाळेत छत्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले होते, आणि गुंडीतून नशीब बोटात कसे वाहते याबद्दल त्यांना शंका होत्या. पण त्या दिवशी, क्वास्ट आत येताना, त्यांचाही हात नकळत पुढे झाला आणि त्यांनी तो कोटावरची काजळी झटकल्यासारखे करून मागे घेतला.

कारण साधे होते. त्यांचे पती एवाल्ड ऑगस्टपासून फुप्फुसाच्या आजाराने शेजारच्या गावातल्या रुग्णालयात होते. पंधरा नोव्हेंबरला त्यांना घरी सोडणार होते. डॉक्टरांनी कागदावर एकच अट लिहिली होती : राहत्या खोलीचे तापमान वीस अंशांच्या खाली जाता कामा नये.

घर सोळाशे चौऱ्याण्णव सालचे, ओकच्या तुळयांचे आणि मातीच्या भिंतींचे. विजेच्या तारा इतक्या जुन्या की त्यांच्यावर फार तर पाणी उकळता येई. नव्या तारा टाकायला भिंत खोदावी लागली असती आणि भिंत संरक्षित होती. गॅसची नळी आणायला गल्लीतले दगड उचकटावे लागले असते आणि गल्लीही संरक्षित होती. राहिली बैठकीतली शेगडी. हिरव्या फरशांची, छताला टेकलेली, एकदा लाकडे घातली की बारा तास ऊब देणारी. ती एवाल्डनेच बांधली होती. शेगड्या बांधणे हाच त्याचा धंदा.

माळ्यावर जाऊन क्वास्टने धुराड्याच्या झडपेतून दोरीला बांधलेला कॅमेरा खाली सोडला आणि दोघे पडद्याकडे पाहू लागले. धुराड्याला आतून भाजक्या मातीच्या नळ्यांचे अस्तर होते, एकावर एक रचलेल्या सत्तावीस नळ्या. एकोणिसाव्या नळीपाशी क्वास्टचा हात थांबला.

"बाई, हे बघा."

"तडा आहे. साधारण चार मिलिमीटर."

"शेजारी झोपायची खोली आहे ना?"

"हो."

"मग तुम्हाला मी काय सांगू? तुम्हीच शिकवलंय आम्हाला. त्या वायूला रंग नाही, वास नाही..."

"आणि जाग येत नाही," रोस्वीटाबाईंनी वाक्य पुरे केले. "तुला त्या धड्यावर शंभरातले एकेचाळीस होते, टॉर्स्टन."

"पण लक्षात राहिलं की नाही?" त्याने खिशातून लाल कागद काढला. "दिवसातून चाळीस माणसं मला हात लावून नशीब घेऊन जातात, आणि तुमच्या घरी मी हा कागद घेऊन येतोय. माफ करा बाई. दुरुस्ती होईपर्यंत जाळ करायचा नाही."

"दुरुस्ती किती दिवसांची?"

"दिवसांची कसली? वरून पोलादी नळी सरकवायची, बूड सिमेंटनं बंद करायचं. सकाळी आलो तर चारच्या कॉफीला मोकळा. फक्त स्मारक-संरक्षण कार्यालयाची एक सही लागेल. तेवढी काय, मिळून जाईल."

सही देण्यासाठी चार दिवसांनी स्मारक-संरक्षण कार्यालयाच्या डॉ. आनेग्रेट लोबेक स्वतः आल्या. त्यांनी कॅमेऱ्याचे चित्रण दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ही एकोणिसावी नळी बाकीच्यांपेक्षा अरुंद आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"एक नळी कमी पडली होती," रोस्वीटाबाई म्हणाल्या. "सव्वीस एका कारखान्यातून मिळाल्या, ही दुसरीकडून."

"कोणत्या सालची गोष्ट?"

"एकोणीसशे एकोणऐंशी."

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते रोस्वीटाबाईंनी आजवर फक्त पहिल्यांदा प्रयोग जमलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिले होते. खुलासा असा झाला, की याच वसंतात कार्यालयाने संरक्षित वस्तूंचा एक नवा वर्ग निर्माण केला होता : बुडालेल्या पूर्व देशातील टंचाईकालीन गृहोपयोगी हस्तकौशल्य, म्हणजे जुन्या राजवटीत बाजारात काही मिळत नसताना लोकांनी घरच्या घरी जुळवलेल्या वस्तू. वर्गासाठी फलक तयार होते, पुस्तिकेची पाने राखून ठेवली होती, वार्षिक अहवालात रकाना होता. नोंद मात्र अजून एकही नव्हती.

"हे अस्तर अमोल आहे! यात पोलादी नळी घालायची? बाई, तुम्ही शिकलेल्या आहात."

"मला शेगडी पेटवायची आहे."

"पेटवा की! दुरुस्ती करा, पण मूळ पद्धतीनं, मूळ मातीच्या नळीनं. बरं, कारागीर कोण होता?"

"माझा नवरा."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले. तापमापक चौदा दाखवत होता.

"म्हणजे कारागीर ज्ञात आहे," त्या म्हणाल्या. "हे वाईट झालं. कारागीर ज्ञात असला की त्याचा बांधकाम-परवाना लागतो. आहे?"

"एकोणऐंशीत अर्ज केला असता तर परवाना आला असता नव्वद साली. तोवर परवाना देणारा देशच उरला नाही."

"मग हे बेकायदा बांधकाम. धुराड्यासकट पाडावं लागेल. धुराडं सोळाशे चौऱ्याण्णवचं असल्यामुळे पाडता येणार नाही, म्हणून न पाडल्याचा दंड दरवर्षी भरावा लागेल. शेगडी अर्थात कायमची बंद."

"आणि कारागीर अज्ञात असेल तर?"

"मग तो वारसा."

रोस्वीटाबाईंनी शास्त्रीय कुतूहलाने तिसरी शक्यता तपासली. "आणि माझा नवरा वारला असता तर?"

"तर पन्नास वर्षं थांबावं लागलं असतं," डॉक्टरबाई सहानुभूतीने म्हणाल्या. "अज्ञात सगळ्यात सोपं. हा छापील नमुना आहे. 'सदर अस्तर कोणी बसवले याबाबत मला माहिती नाही.' खाली सही. मग मूळ पद्धतीनं दुरुस्तीला मंजुरी मी तुम्हाला आठवड्यात देते."

छत्तीस वर्षांत रोस्वीटाबाईंनी एकाही विद्यार्थ्याला चुकीचा आकडा लिहू दिला नव्हता. त्या कागद घेऊन बसने रुग्णालयात गेल्या.

एवाल्ड खाटेवर बसून राईच्या पावावर लोणी लावत होता. नाकाला प्राणवायूची नळी होती. सगळे ऐकून तो इतका हसला की परिचारिका धावत आली.

"अज्ञात! अगं रोझी, अठ्ठेचाळीस वर्षं तू कोणाचे मोजे शिवतेयस मग?"

"हसू नकोस. खोकला येईल."

"त्या बाईला सांग, अरुंद नळीसाठी मी सशांच्या दोन जोड्या दिल्या होत्या. आणि ती वाकडी बसली कारण तू खालून ओरडलीस, जेवायला ये म्हणून."

"मी तेव्हा शाळेत होते. मंगळवार होता."

"बघ, अशा बायकोसमोर माणूस अज्ञात राहील तरी कसा?" त्याने सुरी ठेवली आणि कागद स्वतःकडे ओढला. "कर सही. माझं नाव गेलं तर गेलं. मला तिथं पाय लांब करून बसायचंय, पाठ फरशांना टेकवून. इथं भिंती गार नाहीत, पण ऊबही नाही त्यांना. कळतंय का तुला?"

त्यांना कळले. त्यांनी सही केली. ती आधीच्या कोणत्याही सहीसारखी आली नाही, आणि याचे त्यांना किंचित समाधान वाटले.

मंजुरी खरोखरच आठवड्यात आली. पान दोनवर अट होती : दुरुस्ती 'सदर पद्धतीत पारंगत असलेल्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडूनच' करवून घ्यावी. मान्यताप्राप्त तज्ज्ञांची यादी सोबत जोडली होती. यादीत फक्त शीर्षक होते. क्वास्टने कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"अख्ख्या जिल्ह्यात हे काम येणारा एकच माणूस आहे, बाई."

"तो रुग्णालयात पाव खातोय."

"त्याला कुठं वर चढायचंय? त्यानं खाली खुर्चीत बसून सांगायचं, मी वर चढतो. एवढी मान्यता घ्या त्याच्या नावची."

एवाल्डने खाटेवरूनच अर्ज केला. उत्तर पाच नोव्हेंबरला आले. अर्जदाराने या पद्धतीचे किमान एक अस्तित्वात असलेले काम पुरावा म्हणून दाखवणे आवश्यक आहे. अर्जदाराने घंटागल्ली सतरा येथील काम नमूद केले आहे. तथापि सदर काम अज्ञात कारागिराचे असल्याचे कार्यालयाच्या नोंदीवरून सिद्ध होते. सबब अर्ज नामंजूर.

रोस्वीटाबाईंनी फोन केला.

"डॉक्टरबाई, ते काम त्याचंच आहे, हे तुम्हालाही माहीत आहे."

"व्यक्ती म्हणून मला माहीत आहे," डॉ. लोबेक फार हळवेपणाने म्हणाल्या, "पण फाइलमध्ये तुमची सही आहे. मी तुमच्या सहीवर अविश्वास दाखवू का? एका शिक्षिकेच्या?"

त्या शनिवारी क्वास्ट साध्या कपड्यांत आला, गुंड्यांशिवाय, मागच्या दाराने. गाडीत पोलादी नळी होती.

"बाई, मी आज इथं आलेलो नाही. चारपर्यंत नळी आत. वरून टोपी घालतो जुन्या मातीची, कोणाला दिसणार नाही. सोमवारी मी येतो, अस्तर तपासतो, आणि तडा सापडत नाही. सापडला नाही तर मी काय करणार?"

रोस्वीटाबाईंनी खोलीतल्या तापमापकाकडे पाहिले. अकरा. पंधरा तारखेला सात दिवस होते.

"चढ," त्या म्हणाल्या.

क्वास्ट चढला आणि दोन मिनिटांत उतरला. धुराड्यात दिवा लागलेला होता. कार्यालयाने शुक्रवारीच, रोस्वीटाबाई रुग्णालयात गेलेल्या असताना, छतावरून कॅमेरा बसवला होता. तडा आता चोवीस तास संकेतस्थळावर दिसत होता, आणि त्या घडीला सव्वातीनशे लोक तो पाहत होते.

"पाहतात कशासाठी?" रोस्वीटाबाईंनी विचारले.

"मन शांत होतं म्हणे. चित्रणाखाली एका बाईनं लिहिलंय."

त्याच सुमारास घराच्या तुळयांचा प्रश्न ऐरणीवर आला. खोलीचे तापमान साडेआठ अंशांवर उतरले होते आणि भिंतीत ओल धरत होती. स्मारक नियमावलीनुसार सोळाशे चौऱ्याण्णव सालच्या ओकच्या तुळईला बारा अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवणे हा मालकाचा निष्काळजीपणा ठरतो. तपासनीस आला, त्याने तुळईला हात लावला आणि तो हळहळला. त्याने रोस्वीटाबाईंशीही हस्तांदोलन केले. त्यांचा हात तुळईपेक्षा गार होता, पण तो कोणत्याही यादीत नव्हता.

कार्यालय निर्दयी नव्हते. चारच दिवसांत रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून खास तार ओढून, खिडकीच्या फटीतून आत घेऊन, तुळयांसाठी विजेचे तापयंत्र बसवण्यात आले. खर्च कार्यालयाचा. बैठकीची खोली ऑगस्टनंतर पहिल्यांदा वीस अंशांवर गेली. रोस्वीटाबाई शाल काढून यंत्राशेजारी बसल्या आणि त्यांनी एवाल्डला फोन लावला.

"वीस!" त्या म्हणाल्या. "अरे, वीस पूर्णांक दोन!"

"मग मी बूट घालतो," एवाल्ड म्हणाला.

दुसऱ्या दिवशी यंत्राचे माहितीपत्रक आले. प्रौढ माणूस स्वस्थ बसला तरी श्वासावाटे व त्वचेवाटे ताशी सुमारे पन्नास ग्रॅम बाष्प हवेत सोडतो. दोन माणसे दिवसभर बसली तर दोन लिटरहून अधिक. एवढी आर्द्रता तुळयांना व अस्तराला अपायकारक असल्याने सदर खोलीत कायम वास्तव्य करण्यास मनाई आहे. रोस्वीटाबाईंनी गणित कागदावर करून पाहिले. आकडे बरोबर होते. त्यांना रडू आले ते तेव्हा. आकडे चुकले असते तर त्यांना भांडता आले असते.

पंधरा नोव्हेंबरला एवाल्डला रुग्णालयातून सोडले आणि गावाबाहेरच्या वृद्धनिवासात नेले. बाकीच्या घरात सहा अंशांत झोपणे शक्य नसल्यामुळे रोस्वीटाबाईही तिथेच राहायला गेल्या. दोघांची खोली, तेवीस अंश, न उघडणारी खिडकी. एवाल्ड रोज सकाळी कोट घालून पलंगावर बसे.

"आज जायचं का?"

"आज नाही."

"मग उद्या विचारीन," तो म्हणे आणि कोट काढे.

नाताळच्या आधीच्या रविवारी फलकाचे अनावरण झाले. नगराध्यक्षांनी भाषण केले. डॉ. लोबेक यांनी पुस्तिकेतून वाचून दाखवले, की एकोणिसावी नळी मुद्दाम वाकडी बसवली असून तो एका अनाम कलावंताने राजवटीविरुद्ध पुकारलेला मूक निषेध आहे. चाकांच्या खुर्चीत, घोंगडीत गुंडाळलेला एवाल्ड मोठ्याने म्हणाला, "जेवायला हाक मारली म्हणून!" आसपासच्या लोकांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिले. म्हाताऱ्या माणसांना कधी कधी असे होते.

"शेजारी कोण आहेत हे?" नगराध्यक्षांनी हळूच विचारले.

"इथले जुने रहिवासी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"छान, छान. अशा लोकांमुळेच तर घरांना घरपण येतं."

अनावरणानंतर क्वास्टने नियमावलीचे तिसरे परिशिष्ट वाचले. त्याला वाचनाची आवड नव्हती, पण यावेळी त्याने एकेचाळीसपेक्षा चांगली कामगिरी केली. रहिवाशांना खोलीत मनाई होती. घर पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना नव्हती. गुरुवारी दुपारी दोन ते चार, आठ-आठच्या गटाने, प्रत्येकी दहा मिनिटे. दहा मिनिटांच्या बाष्पाची तरतूद केलेली होती.

"म्हणजे तिकीट काढून?" रोस्वीटाबाई म्हणाल्या.

"ज्येष्ठांना सवलत आहे, बाई."

एवाल्डला त्यांनी इतकेच सांगितले, की गुरुवारी जायचे. त्याने बुधवारी रात्रीच कोट घालून ठेवला.

तेव्हापासून ते दर गुरुवारी घरी जातात. रांगेत उभे राहतात, जोड्यांवर निळ्या पिशव्या चढवतात, आणि आत गेल्यावर रोस्वीटाबाई खुर्ची शेगडीला लावतात, पाठ फरशांना टेकेल अशी. फरशा गार असतात. एवाल्ड डोळे मिटतो. तापयंत्र तुळयांकडे तोंड करून गुणगुणत असते. कधी तो म्हणतो, "रोझी, दोन लाकडं टाक ना." त्या म्हणतात, "टाकली." दहा मिनिटांनी घंटा होते.

तुम्ही कधी आल्टेनरोडेला गेलात तर घंटागल्ली चुकवू नका, सगळ्या प्रवास-पुस्तिका तेच सांगतात. तुम्हीही आत जाल, तुळयांकडे पाहाल, आणि सोबतच्या माणसाला म्हणाल की जुन्या घरांत किती ऊब असते, नाही? मग तुम्ही बंद शेगडीपुढे दोन्ही तळवे पसरून, शेकत असल्यासारखे, फोटो काढायला उभे राहाल. सगळेच राहतात. फक्त चौकटीत एक म्हातारा मध्येच येतो, खुर्चीत, डोळे मिटलेला. त्याला नम्रपणे सांगा, आजोबा, जरा बाजूला होता का?

तो होतो. आजवर कोणालाच 'नाही' म्हणालेला नाही.